संगणकाचे सुटे भाग : आधी जुळणी, मग खरेदी



आपल्या घरात पंखा आला, टीव्ही आला, कुणाकडे फ्रीज आला. या वस्तू दुकानातून तयार येतात. खोके उघडायचे, वायर लावायची, बटण दाबायचे. संगणक मात्र दोन रीतींनी घरात येतो. एक तर कंपनीचा तयार संच घ्यायचा, नाही तर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट, एसएमपीएस असे सुटे भाग घेऊन जोडायचा. या दुसऱ्या प्रकाराला बाजारात 'असेंबल्ड' म्हणतात. कष्टकरी कुटुंबाला हा प्रकार परवडतो, कारण नको त्या भागावर पैसा जात नाही, बिघडला तर तेवढाच भाग बदलता येतो आणि पुढेमागे हातात चार पैसे आले की वाढवताही येतो. परंतु यात एक धोका आहे. सुटा भाग कितीही चांगला असला तरी तो शेजारच्या भागाशी जुळला नाही, तर तो घरातला निरुपयोगी तुकडा होऊन बसतो. हा धडा आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. दुसऱ्याच्या घामाच्या पैशावर चूक करून शिकलो. म्हणून हा लेख.

एका कर्जाची गोष्ट

२०२३ सालच्या जून महिन्यातली ही हकीकत. आमच्या वस्तीतील एक भगिनी चार घरची धुणी-भांडी करतात. त्यांची मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती आणि संगणक टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी करत होती. इन्स्टिट्यूटमध्ये दिवसाला एकच तास मशीन मिळे. तेवढ्यात बोटे वळत नाहीत. आईने बचत गटातून पंचवीस हजारांचे कर्ज काढले. मॉनिटर एका ओळखीच्या घरून जुना मिळाला होता. बाकी सारे घ्यायचे होते. त्या माउली आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही ऑफिसात बसता, तुम्हाला कळतं. पोरीला काय घ्यायचं ते सांगा."

आम्हाला वाटले, रोज संगणकावर काम करतो म्हणजे संगणक कळतो. हा पहिला भ्रम. गाडीत रोज बसणाऱ्याला इंजिन कळते असे थोडेच आहे!

मुलगी आणि तिचा मावसभाऊ कुर्ल्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर गेले. दुपारी तिचा फोन आला, "काका, इथं दोन प्रोसेसर दाखवतायत. दोन्ही आय३-१२१००च आहेत, पण एकाच्या नावापुढे एफ लिहिलंय. तो हजार रुपयांनी स्वस्त आहे. कुठला घेऊ?" आम्ही बिलांच्या ढिगात होतो. एफ म्हणजे काय, हे विचारण्याची तसदीही न घेता आम्ही म्हणालो, "नाव तेच आहे ना? मग स्वस्तातला घे." रॅम त्यांनी दुसऱ्या दुकानातून घेतली. मावसभावाने कुठेतरी ऐकले होते की डीडीआर५ सर्वांत नवीन. नवीन ते चांगले, म्हणून तीच घेतली.

रात्री आमच्या देखत जमिनीवर चादर अंथरून जोडणी सुरू झाली. रॅम स्लॉटमध्ये बसेना. मावसभाऊ अंगठ्याने जोर लावू लागला तेव्हा आम्ही त्याचा हात धरला. रॅमची खाच एकीकडे आणि स्लॉटमधला उंचवटा दुसरीकडे होता. बोर्ड डीडीआर४चा होता. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने थोडे पैसे कापून रॅम बदलून दिली. ती नीट बसली. बटण दाबले, पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच. 'नो सिग्नल' एवढीच अक्षरे. दोन रात्री आम्ही वायरीला आणि जुन्या मॉनिटरला दोष देत बसलो. तिसऱ्या दिवशी ऑफिसात संगणक दुरुस्तीला येणाऱ्या मुलाला विचारले, तर त्याने एकच प्रश्न केला, "साहेब, प्रोसेसरच्या नावात एफ आहे का?"

एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र उमटवणारा भागच चालू नसतो. त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते, आणि ते त्या यादीत कुठेच नव्हते. खोके उघडलेले, प्रोसेसरला पेस्ट लागलेली. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. त्याने फसवले नव्हते. मागितले ते दिले होते. शेवटी जुना माल घेणाऱ्याकडे तो प्रोसेसर अडीच हजारांचे नुकसान सोसून दिला आणि एफ नसलेला घेतला. वाचलेले हजार रुपये असे अडीच पटीने गेले. सरावाचे तीन आठवडे गेले ते वेगळेच. त्या खेपेला मुलगी मराठी टायपिंगमध्ये थोडक्यात राहिली. सगळा दोष संगणकाचा होता असे आम्ही म्हणणार नाही; पण आमच्या त्या एका वाक्याचा वाटा त्यात होता, हे मान्य केले पाहिजे. त्या माउलीने आम्हाला एका शब्दानेही बोल लावला नाही. तेच अधिक लागले.

दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. जमाखर्चात एखादा आकडा एकटा बरोबर आहे असे कधी म्हणत नाहीत. तो समोरच्या बाजूशी जुळतो की नाही, हे पाहतात. संगणकाच्या सुट्या भागांचे तसेच आहे. "चांगला प्रोसेसर कुठला?" हा प्रश्नच अर्धा आहे. "या बोर्डावर, या रॅमसोबत, या कामासाठी चांगला प्रोसेसर कुठला?" हा पुरा प्रश्न. त्या फटक्यानंतर आम्ही व ती मुलगी दोघांनी मिळून एक कागद तयार केला. एका बाजूला भागाचे नाव, दुसऱ्या बाजूला तो कशाशी जुळायला हवा ते. प्रत्येक ओळीवर खूण झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असा नियम केला. तो कागदच येथे उलगडून सांगत आहोत.

पहिली ओळ : काम कोणते?

दुकानात जाण्यापूर्वी घरी बसून काम लिहून काढा. टायपिंग, टॅली, एक्सेल, ऑनलाइन वर्ग, अर्ज भरणे एवढेच काम असेल तर चार कोअरचा साधा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी पुरते. एकाच वेळी अनेक खिडक्या उघडून काम करायचे असेल किंवा प्रोग्रामिंग शिकायचे असेल तर १६ जीबी रॅम बरी. व्हिडिओ संपादन, थ्री-डी डिझाइन किंवा मोठे खेळ असतील तरच स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा विचार करावा. पत्रिका-बॅनर करणाऱ्या मुलालाही सुरुवातीला कार्डाची गरज नसते. काम लिहिलेले असले की दुकानदाराच्या "आणखी दोन हजार टाका ना" या आग्रहाला उत्तर देता येते.

दुसरी ओळ : प्रोसेसर आणि मदरबोर्ड

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीच्या प्रोसेसरना एलजीए१७०० सॉकेट लागते. २०२४ साली आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए१८५१ लागते. एएमडीच्या रायझन १००० ते ५००० मालिकांना एएम४ आणि २०२२ पासून आलेल्या ७००० मालिकेपुढे एएम५ लागते. इंटेलच्या बोर्डावर एएमडीचा प्रोसेसर बसत नाही, हे उघडच आहे. पण एका कंपनीतही पिढी बदलली की सॉकेट बदलू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

येथे आणखी एक मेख आहे. सॉकेट तेच असले म्हणजे झाले असेही नाही. २०१५ साली इंटेलच्या ६व्या पिढीसाठी एलजीए११५१ सॉकेट आले. २०१७ साली ८वी पिढी आली तिच्या सॉकेटचे नावही ११५१च. परंतु ६व्या पिढीच्या बोर्डावर ८व्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. जुन्या बाजारात या एका आकड्यावर विश्वासून कित्येकांचे पैसे अडकतात. म्हणून सॉकेटबरोबर बोर्डाच्या चिपसेटचे नाव, म्हणजे एच६१०, बी६६०, बी४५० असे जे असेल ते, लिहून घ्यावे आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर त्या बोर्डाच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी पाहावी. ही यादी फुकट असते आणि मोबाइलवर दिसते. दुकानदाराच्या तोंडी शब्दापेक्षा ती यादी खरी.

तिसरी गोष्ट बायोसची. बोर्डावर जी मूळ आज्ञावली असते तिला बायोस म्हणतात. बोर्ड जुना आणि प्रोसेसर त्याच्यानंतर बाजारात आलेला असेल तर जुन्या बायोसला तो ओळखता येत नाही. २०२२ साली आलेल्या एच६१० बोर्डावर २०२३ साली आलेला १४व्या पिढीचा प्रोसेसर बसतो खरा, पण बायोस नवीन असावा लागतो. तेव्हा "बायोस अपडेट करून द्या" असे दुकानातच सांगावे. घरी आल्यावर त्यासाठी दुसरा जुना प्रोसेसर कोठून आणणार?

तिसरी ओळ : रॅम

डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही रॅमच्या पट्टीला २८८ पिना असतात, लांबी सारखीच दिसते. पण खाच वेगळ्या जागी असते आणि वीजही वेगळी लागते. एकीच्या जागी दुसरी कधीही चालत नाही. एएम४ बोर्डाला डीडीआर४, एएम५ आणि एलजीए१८५१ बोर्डाला डीडीआर५ हे ठरलेले आहे. घोळ होतो तो एलजीए१७००मध्ये. तिथे प्रोसेसर दोन्हींवर चालतो, पण बोर्ड बहुधा एकाच प्रकारचा असतो. म्हणून रॅमची निवड प्रोसेसर पाहून नव्हे, बोर्ड पाहून करायची. आमच्या त्या रात्रीचा पहिला घोटाळा हाच होता. लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती डेस्कटॉपला लागत नाही, हेही सांगून ठेवतो.

२०२५ सालच्या अखेरीस रॅमच्या किमती जगभर झपाट्याने चढल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या डेटा सेंटरकडून मेमरीची मागणी वाढली, त्याचा चटका आपल्या गल्लीतल्या गिऱ्हाइकालाही बसला. अशा वेळी ८ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरा स्लॉट रिकामा ठेवणे शहाणपणाचे. पुढे हातात पैसे आले की त्याच प्रकारची, त्याच वेगाची दुसरी पट्टी लावता येते. दोन पट्ट्या असल्या की कामही अधिक चपळ होते. त्यासाठी बोर्डावर किती स्लॉट आहेत ते आधी मोजावे. एच६१०च्या बोर्डावर दोनच असतात.

चौथी ओळ : पडद्यावर चित्र कोण आणणार?

ही ओळ आम्ही कागदावर लाल शाईने लिहिली आहे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर आतले ग्राफिक्स नाही असे समजावे. एएमडीच्या एएम४ प्रोसेसरमध्ये उलटा न्याय आहे. तिथे नावात जी असेल तर ग्राफिक्स आहे. रायझन ५ ५६००जी चालतो, नुसता ५६०० घेतला तर कार्ड लागते. एएम५च्या बहुतेक प्रोसेसरमध्ये साधे ग्राफिक्स असते, पण तिथेही एफ दिसला की थांबावे. एका अक्षराची किंमत काय असते ते आम्ही वर सांगितलेच आहे.

मॉनिटरची वायरही पाहावी. जुन्या मॉनिटरला व्हीजीए हे पंधरा पिनांचे निळे तोंड असते, नव्याला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट. जुना मॉनिटर वापरायचा असेल तर बोर्डामागे व्हीजीएचे तोंड आहे का, हे घेतानाच पाहावे. आणि कार्ड लावलेले असेल तर वायर कार्डाला लावायची, बोर्डाला नव्हे. या साध्या चुकीपायी चांगला चालणारा संगणक लोकांनी दुरुस्तीला नेलेला आहे.

पाचवी ओळ : एसएसडी

एसएसडी दोन रूपांत मिळते. एक चपटी डबी, जी साटा वायरीने जुळते. दुसरी एम.२ची च्युइंगगमच्या पट्टीसारखी, जी थेट बोर्डावर बसते. एम.२मध्येही दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला जवळजवळ सारख्या, पण काही बोर्ड फक्त एनव्हीएमईच ओळखतात, आणि जुन्या बोर्डावर तर एम.२चा स्लॉटच नसतो. बोर्डाच्या माहितीपत्रकात काय लिहिले आहे ते पाहूनच घ्यावी. पट्टीवर २२८० असे लिहिलेले असते. म्हणजे २२ मि.मी. रुंद आणि ८० मि.मी. लांब. बोर्डावरचे स्क्रूचे भोक तेवढ्या अंतरावर असले पाहिजे.

सहावी ओळ : कॅबिनेट आणि पंखा

एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मि.मी. असतो. मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४. मोठ्या पेटीत लहान बोर्ड बसतो, लहान पेटीत मोठा बसत नाही. आपल्या कामाला मायक्रो एटीएक्स पुरतो. पेटी घेताना काचेच्या रंगीत दिव्यांना भुलू नये. समोरून हवा आत जायला जाळी आहे का ते पाहावे. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात यंत्रालाही घाम फुटतो!

प्रोसेसर खोक्यातला असेल तर बहुधा पंखा सोबत येतो. पण सुटा, म्हणजे 'ट्रे'चा प्रोसेसर किंवा नावात के असलेला इंटेल प्रोसेसर घेतला तर पंखा वेगळा घ्यावा लागतो. एलजीए१७००ला पंख्याची भोके आधीच्या सॉकेटपेक्षा दूर आहेत, ७५ऐवजी ७८ मि.मी. त्यामुळे घरात पडलेला जुना पंखा बसेलच असे नाही.

सातवी ओळ : एसएमपीएस, सगळ्यांचे पोट

प्रोसेसरवर दहा हजार घालणारा माणूस एसएमपीएस घेताना पाचशे रुपये वाचवतो. हे म्हणजे घर पक्के बांधून पाया कच्चा ठेवण्यासारखे. हिशेब सोपा आहे. आय३-१२१०० जास्तीत जास्त ८९ वॅट घेतो. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ढोबळ ५० वॅट धरा. म्हणजे दीडशेच्या आत काम भागते. प्रामाणिक ४०० किंवा ४५० वॅटचा एसएमपीएस त्याला भरपूर झाला. प्रामाणिक अशासाठी म्हटले की पेटीसोबत फुकट मिळणाऱ्या कित्येकांवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष ताकद यांचा मेळ नसतो. ओळखीच्या कंपनीचा, वॉरंटीचा, ८० प्लस खूण असलेला घ्यावा.

ग्राफिक्स कार्ड असेल तर हिशेब वाढतो. बोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. त्यापुढे ६ पिनांच्या वायरीतून आणखी ७५ आणि ८ पिनांच्या वायरीतून १५०. ती वायर एसएमपीएसला आहे का, हे कार्ड घेण्यापूर्वी पाहावे. प्रोसेसरची ८ पिनांची वायर आणि कार्डाची ८ पिनांची वायर दिसायला सारख्या असल्या तरी वेगळ्या आहेत. जोर लावून एकीच्या जागी दुसरी घालू नये. आणि एका एसएमपीएसच्या काढता येणाऱ्या वायरी दुसऱ्याला कधीच लावू नयेत. तोंड बसते, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि एका क्षणात बोर्ड किंवा डिस्क जळते.

घरच्या विजेकडेही पाहावे. भिंतीतल्या तीन पिनांच्या प्लगला अर्थिंग खरोखर आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्यावे. पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ते अर्थिंग नसल्याचे लक्षण समजावे. यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेले असते, ते ६०० वॅट नव्हेत; बहुधा ३६० वॅटच्या आसपास असतात. टायपिंगच्या संगणकाला तेवढे पुरतात.

आठवी ओळ : विंडोज, आणि जुन्याचा मोह

पुष्कळ ठिकाणी "आय७ फक्त इतक्यात" अशी पाटी दिसते. तेव्हा आय७च्या पुढचा आकडा वाचावा. आय७-४७७० म्हणजे ४थी पिढी, २०१३ सालची. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलची साधारणतः ८वी पिढी किंवा पुढची लागते. ती ४थी पिढी या यादीत नाही. त्याला डीडीआर३ रॅम लागते, सॉकेटही वेगळे. म्हणजे त्यातला एकही मुख्य भाग नव्या बोर्डावर उपयोगी पडणार नाही. नुसते वाचन, लेखन आणि इंटरनेट असेल तर अशा यंत्रावर उबंटूसारखी मोफत प्रणाली आणि लिब्रेऑफिस चालवता येते, आणि ते काही कमी नाही. पण टॅली आणि टायपिंगच्या परीक्षेचा सराव विंडोजवर करायचा असेल तर पिढी पाहूनच घ्यावे. ऑफिसातून निघालेले कंपनीचे जुने डेस्कटॉप स्वस्त असतात, तथापि त्यांतील कित्येकांचा एसएमपीएस आणि बोर्डाची जोडणी वेगळ्याच घडणीची असते. एक भाग गेला तर बाजारातला साधा भाग बसत नाही.

नववी ओळ : बिल

बिलाशिवाय घेतलेला भाग म्हणजे पावतीशिवाय भरलेला हप्ता. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. त्यावर नुसते 'कॉम्प्युटर पार्ट्स' असे नव्हे, तर प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल नाव आणि सिरियल नंबर असावा. पूर्ण नाव लिहून घेतले की एफ आहे की नाही, डीडीआर४ की डीडीआर५, हे दुकानातच डोळ्यांसमोर येते. खोकी आणि बोर्डाच्या सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण जपून ठेवावे. वॉरंटीच्या वेळी ते मागतात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा तशीच प्रथा आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण एक फरक ध्यानात ठेवावा. भाग सदोष असेल तर कायदा आपल्या बाजूला आहे. भाग चांगला आहे, पण आपण न जुळणारा निवडला, तर ती चूक आपली. म्हणून पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे, "जुळला नाही तर किती दिवसांत बदलून द्याल?" आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे.

दुकानातच पडदा उजळू द्या

शक्य असेल तर सारे भाग एकाच दुकानातून घ्यावेत आणि तिथेच जोडून, सुरू करून पाहावेत. घरी जोडायचे असेल तर आधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, पंखा, एक रॅम आणि एसएमपीएस एवढेच जोडावे आणि पडदा उजळतो का ते पाहावे. उजळला की मग पेटीत बसवावे. पेटीत पितळी खुंट्या लावल्याशिवाय बोर्ड पत्र्यावर टेकवू नये, शॉर्ट होतो. इंटेलच्या सॉकेटमधल्या पिना केसासारख्या नाजूक असतात, त्यांना बोट लावू नये. काम सुरू करण्यापूर्वी लोखंडी वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे जोर लावू नये. बसत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा जुळत नाही असाच असतो.

विचारण्यात कमीपणा नाही

ती मुलगी पुढच्या खेपेला मराठी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंगमध्ये पास झाली. बचत गटाचे कर्जही फिटले. २०२४ साली शेजारच्या गल्लीतल्या एका कुटुंबाने संगणक घ्यायचे ठरवले तेव्हा त्यांनी आम्हाला विचारले नाही, त्या मुलीला विचारले! ती तोच कागद घेऊन त्यांच्यासोबत लॅमिंग्टन रोडला गेली. काउंटरवर उभी राहून तिने एकेका ओळीवर खूण केली. एका ओळीशी अडली, तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, चालेल हो." ती म्हणाली, "चालेल की चालतं? यादीत दाखवा." यादीत तो प्रोसेसर त्या बोर्डासमोर नव्हता. दुकानदाराने दुसरा बोर्ड काढला. त्या रात्री त्यांच्या घरी पडदा पहिल्याच बटणाला उजळला.

बंधू-भगिनींनो, श्रीमंताच्या घरी चुकीचा भाग आला तर तो कपाटात पडतो आणि दुसरा येतो. आपल्या घरी दुसऱ्या खरेदीला पैसा नसतो. म्हणून आपल्याला पहिलीच खरेदी बरोबर करावी लागते. त्यासाठी मोठी पदवी लागत नाही. एक कागद, एक पेन आणि न लाजता विचारलेले चार प्रश्न पुरतात. ज्याला माहीत नाही त्याने विचारावे, आणि ज्याला पुरते माहीत नाही त्याने आमच्यासारखे फोनवर "स्वस्तातला घे" म्हणू नये. "थांब, पाहून सांगतो," एवढे तीन शब्द आम्ही त्या दुपारी बोललो असतो, तर एका माउलीचे अडीच हजार रुपये वाचले असते.